रिम ब्रेक की डिस्क ब्रेक? विदर्भातल्या गावरस्त्यांवर रोड बाइक घेताना

दर्यापूर, वणी, उमरेडसारख्या गावांतही आता पहाटे पातळ टायरच्या सायकली, म्हणजे रोड बाइक, दिसायला लागल्या आहेत. चार-दोन कॉलेजची पोरं, एखादे गुरुजी, एखादा बँकवाला. नागपूर-अमरावतीकडे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, होतात, साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करायचे असतात, आणि त्याची हवा तालुक्यापर्यंत पोचली आहे. नवीन सायकल घेणारा यातला जवळपास प्रत्येक जण एकाच जागी अडतो: ब्रेक रिमचा घ्यावा की डिस्कचा? यावर वाचायला भरपूर मिळतं, पण ते बहुतेक युरोपातले घाट आणि गुळगुळीत डांबर धरून लिहिलेलं असतं. आपल्याकडे काळी माती आहे, मुरूम आहे, मे महिन्यात ४५ अंश आहे आणि रोड बाइकचा जाणकार मेकॅनिक बहुधा जिल्ह्याच्याच गावी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणता ब्रेक जास्त जोरात लागतो यावर ठरवू नका. कोरड्या रस्त्यावर नीट बसवलेले दोन्ही ब्रेक चाक जागेवर थांबवू शकतात, त्यापुढे सगळं टायरच्या पकडीवर. तुम्ही पावसाळ्यात चालवणार का, टायर किती रुंद लावणार आणि बिघडलं तर हात कोण लावणार, एवढं बघा.

आधी दोन्हींची ओळख

रिम ब्रेक आपल्या साध्या सायकलीचाच भाऊबंद. लिव्हर दाबली की वायर ओढली जाते, टायरच्या वर बसलेला चिमट्यासारखा कॅलिपर मिटतो आणि दोन रबरं रिमला दोन्ही बाजूंनी दाबतात. ज्या रिमवर टायर बसलाय तीच ब्रेकचं काम करते, म्हणून झिजतेही तीच, तापतेही तीच आणि खड्ड्यातलं पाणी लागतं तेही तिलाच.

डिस्क ब्रेकमध्ये हे घासणं चाकाच्या मधोमध, हबला बसवलेल्या पोलादी चकतीवर होतं. रोड बाइकला ही चकती बहुधा १४० किंवा १६० मिलिमीटर व्यासाची असते. चकतीवर घासणारे पॅड दाबण्याचं काम वायर करत असेल तर मेकॅनिकल डिस्क, बंद नळीतलं तेल करत असेल तर हायड्रॉलिक. दुकानदार "डिस्क आहे" एवढं सांगून थांबतो. वायरची की तेलाची, हे आपण विचारायचं, कारण खेड्यात राहणाऱ्यासाठी या दोहोंतला फरक रिम आणि डिस्कमधल्या फरकाइतकाच मोठा आहे.

रेसच्या दुनियेत हा वाद मिटल्यात जमा आहे. २०१५ पासून चाचण्या झाल्या, मध्ये त्या थांबल्याही, आणि २०१८ च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रोड रेसमध्ये डिस्कला कायमची परवानगी दिली. तरी २०२० ची तूर द फ्रान्स ही मोठी रेस तादेय पोगाचारने रिम ब्रेकच्या सायकलीवर जिंकली. म्हणजे रिम ब्रेक असल्याने कोणी मागे राहत नाही. कंपन्यांचा कल मात्र स्पष्ट आहे: सायकलीचे ब्रेक-गिअर बनवणाऱ्या शिमानोचा १०५ नावाचा १२ गिअरचा संच २०२२ मध्ये आला तो फक्त डिस्कचाच. नवी, मधल्या किमतीची सायकल घ्यायला गेलात तर रिमचा पर्याय दिसेलच असं नाही. रिम ब्रेक आता भेटतो तो स्वस्त मॉडेलमध्ये आणि जुन्या सायकलीत.

मग आपला रस्ता बघा

दिवाळीपासून मृगापर्यंत आपल्याकडे रस्ते कोरडे. या काळात, डांबरी रस्त्यावर, रिम ब्रेकमध्ये काडीचीही उणीव नाही. हलका आहे, साधा आहे, वजन साधारण अर्धा किलो वाचतं. फक्त हिवाळी सकाळी चालवायची आणि घरी यायचं असं ज्याचं आहे, त्याने डिस्कसाठी जादा पैसे टाकायची गरज नाही.

पाऊस सुरू झाला की चित्र पालटतं. ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसतं, मग पकडतं. त्यात चाकाचा एखादा फेरा निघून जातो. ताशी तीसच्या वेगात हा फेरा म्हणजे दोन मीटर, आणि रस्त्यात बसलेली म्हैस तेवढ्यात बाजूला होत नाही. चकती जमिनीपासून उंच असते, पॅडही तिच्यावर जास्त जोराने दाबतात, त्यामुळे ओल्यातही डिस्क जवळपास लगेच लागते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊसमान जास्त. तिकडच्या माणसाने जुलै-ऑगस्टमध्ये सायकल चालवायची ठरवली असेल तर मी डिस्कच सुचवीन.

पाण्यापेक्षा वाईट काळी माती. पाऊस उघडल्यावर पांदण रस्त्याने पन्नास मीटर सायकल लोटून पाहा. टायरला माती चिकटते, ती माती आणखी माती उचलते आणि वर कॅलिपरखाली जाऊन थापली जाते. रोड बाइकच्या रिम ब्रेकखाली टायर आणि ब्रेक यांच्यात बोट जाईल एवढीही जागा नसते. थोड्याच वेळात चाक फिरायचं थांबतं आणि तुम्ही पऱ्हाटीच्या काडीने उकरत बसता. डिस्कच्या सायकलीला टायरवर कॅलिपरच नाही. तिथेही फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या मधे, माती भरतेच, पण उशिरा, आणि ब्रेकला तिचा त्रास होत नाही. ज्याचं घर किंवा वावर पक्क्या रस्त्यापासून आत आहे, त्याच्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे.

मुरूम आणि गिट्टीच्या चुऱ्याचा त्रास वेगळा. चुरा पाण्याबरोबर रिमवर चढतो आणि ब्रेक दाबला की पॉलिश पेपर घासल्यासारखा कर्र आवाज येतो. तो आवाज तुमच्या रिमचं ॲल्युमिनियम उगाळलं जात असल्याचा. डिस्कमध्येही हा चुरा पॅड खातो, पावसाळ्यात जरा जास्तच खातो, पण पॅड बदलणं आणि अख्खी रिम बदलणं यांत खर्चाचा फरक मोठा आहे.

खड्ड्यांचं कोणी फारसं बोलत नाही. खड्ड्यात चाक आदळून स्पोक तुटला की चाकात आउट येतो, म्हणजे ते डुलायला लागतं. रिम ब्रेकची रबरं रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर असतात, त्यामुळे आउट आलेली रिम दर फेऱ्याला रबराला घासते. ब्रेक मोकळा करून घरी यावं लागतं, म्हणजे त्या चाकाचा ब्रेक अर्धामुर्धाच उरतो. डिस्कच्या सायकलीत तीच रिम थोडी डुलत राहते, ब्रेक मात्र शाबूत.

आणि टायर. बऱ्याच रिम ब्रेकच्या रोड बाइकमध्ये २५ किंवा फार तर २८ मिलिमीटरचा टायर मावतो. डिस्कच्या सायकलींत ३२ सहज जातो, काहींत त्याहून जास्त. आपल्या रस्त्यांवर २५ ऐवजी ३२ चा टायर लावून हवा थोडी कमी ठेवली की हाताच्या मुंग्या कमी होतात, चाकं टिकतात आणि ब्रेक मारल्यावर पकडही सुधारते. मला विचाराल तर डिस्कचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो ब्रेकचा नाहीच. बाभळीच्या काट्याला सगळे टायर सारखे, तो भाग वेगळा.

बिघडलं तर कोण?

रिम ब्रेक गावातल्या पंक्चरवाल्यालाही समजतो. त्याने रोड बाइक पाहिली नसेल, पण वायर ओढायची, नट आवळायचा, रबर सरकवायचं हे त्याला डोळे झाकून येतं. वायर तुटली तर तालुक्याला साधी वायरही वेळ मारून नेते, फक्त टोकाची गुंडी लिव्हरच्या खाचेत बसते का ते पाहून घ्यावं. रोड बाइकची आणि साध्या सायकलीची गुंडी सारखी नसते. एक जास्तीची वायर बॅगेत ठेवली तर तोही प्रश्न मिटला.

मेकॅनिकल डिस्कची वायरही तशीच. पॅड मात्र त्या-त्या कॅलिपरच्या आकाराचे लागतात आणि ते आठवडी बाजाराच्या गावात मिळत नाहीत. घेतानाच दोन जोड जास्तीचे घेऊन ठेवा. या प्रकारात एका बाजूने दाबणारे आणि दोन्ही बाजूंनी दाबणारे असे कॅलिपर येतात. दोन्ही बाजूंनी दाबणारा घ्या. लागतोही चांगला आणि सेटिंगही सोपं.

हायड्रॉलिक ब्रेक हाताला लोण्यासारखा लागतो, एका बोटात काम होतं, पॅड झिजले तरी तो आपोआप जुळवून घेतो. चालू आहे तोवर राजा. प्रश्न येतो नळीत हवा शिरली किंवा तेल गळालं की. तेव्हा जवळचा माणूस म्हणजे मोटरसायकलचा मेकॅनिक, आणि तो मनापासून मदत करायला निघतो:

"ऑइल कमी झालं दिसते भाऊ, टाकून देतो."

"कोणतं टाकता?"

"हेच, गाडीचं."

इथे हात धरायचा. मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड नावाचं ब्रेकचं तेल असतं. शिमानोच्या सायकल ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. एकात दुसरं पडलं की आतले रबरी सील फुगतात, खराब होतात आणि ब्रेक सोडून देतो. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक रोड ब्रेकमध्ये डॉटच असतं, तिथे उलट मिनरल ऑइल चालत नाही. कोणतं लागतं ते बहुधा लिव्हरच्या तेलाच्या झाकणाजवळ लिहिलेलं असतं. सायकल घरी आणल्याच दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तेल बदलणं घरी शिकता येतं. त्या ब्रेकचा किट, सिरिंज, तेलाची छोटी बाटली आणि एक निवांत दुपार लागते. ज्याला ट्रॅक्टरचं, मोटरपंपाचं काम हाताने करायची सवय आहे त्याला यात अवघड काही नाही. ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरायचा कंटाळा आहे आणि जिल्ह्याचं गाव सत्तर किलोमीटरवर आहे, त्याने हायड्रॉलिकच्या नादी लागू नये.

तर मग काय घ्यावं

हाती आधीच रिम ब्रेकची चांगली सायकल असेल तर ती विकू नका. चांगल्या प्रतीची रबरं आणि नवी वायर-केबल टाका, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. त्याच सायकलीला डिस्क बसवून घ्यायचा विचार मात्र सोडा. फ्रेमला आणि फोर्कला कॅलिपर बसवायची जागाच नसते, हबही वेगळे लागतात. कोणी वेल्डिंग करून पट्टी लावून देतो म्हणाला तर चहा पिऊन निघून या. डिस्क ब्रेकचा सगळा जोर फोर्कच्या एकाच पायावर येतो, आणि तो पाय त्यासाठी बनवलेला नसतो.

नवीन घ्यायची असेल, बारा महिने चालवायची असेल आणि मेकॅनिक लांब असेल, तर दोन्ही बाजूंनी दाबणारी मेकॅनिकल डिस्क आणि ३२ च्या टायरला जागा असलेली फ्रेम. खेड्यात राहणाऱ्या नवख्याला मी हेच सांगतो. नागपूर, अमरावती, अकोल्याला तुमचं दर महिन्याला जाणं-येणं असेल तर हायड्रॉलिक खुशाल घ्या. बजेट कमी आणि फक्त कोरड्यातली हौस असेल तर रिम.

जुनी सायकल घेताना तीन जागा तपासा. रिम ब्रेक असेल तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा: मधे खोलगट लागली, किंवा झीज दाखवणारी बारीक खाच नाहीशी झाली असेल, तर नव्या रिमचे पैसे किमतीतून वजा करा. हायड्रॉलिक असेल तर लिव्हर अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा. हळूहळू हँडलकडे सरकत गेली तर कुठेतरी गळती आहे. चकतीची जाडीही मोजा. शिमानोची नवी चकती १.८ मिलिमीटर असते, १.५ वर आली की बदलायची.

सायकल घरी आल्यावर

आधी कोणती लिव्हर कोणत्या चाकाची ते पाहा. आपल्याकडे बहुधा उजवी लिव्हर पुढच्या चाकाला असते, पण बाहेरून आलेल्या जुन्या सायकलीत उलटी जोडणी सापडते. थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, त्यामुळे हे हातात बसलेलं असलं पाहिजे.

रिम ब्रेकची रबरं रिमच्या कडेवर पूर्ण बसली पाहिजेत; वर टायरला लागता कामा नये, खाली स्पोककडे लोंबता कामा नये. टायरला लागणारं रबर थोड्याच दिवसांत टायरची भिंत कापतं. ब्रेक किंचाळत असेल तर रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं मिलिमीटरभर तिरकं बसवा. मधूनमधून चाक काढून रबरं बघायची. त्यात चमचमणारे ॲल्युमिनियमचे कण रुतलेले दिसतात, ते दाभणाने उकरून काढायचे आणि वरचा गुळगुळीत झालेला थर थोडा घासून टाकायचा. हे पाच मिनिटांचं काम रिमचं आयुष्य वाढवतं. चाक परत बसवलं की कॅलिपरची छोटी खिट्टी बंद केली का, हे हमखास विसरायला होतं. ती उघडी राहिली तर लिव्हर थेट हँडलला टेकते.

नव्या डिस्कला आधी रुळवावं लागतं. मोकळा रस्ता बघा, ताशी वीसच्या आसपास वेग घ्या, एकेक ब्रेक जोर लावून पण चाक न अडकवता दाबा, पार थांबायच्या जरा आधी सोडा. दोन्ही ब्रेकचं असं पंधरा-वीस वेळा करा. पॅडचा पातळ थर चकतीवर बसतो आणि मगच ब्रेक खरा लागतो. हे न करता पहिल्याच दिवशी "डिस्क लागतच नाही" म्हणणारे खूप. पॅड मेटलचे मागवणार असाल तर चकतीवर फक्त रेझिनचे (मेटलचे नव्हे) पॅड वापरा असं कोरलेलं नाही ना, ते आधी वाचा. पॅडचा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे.

हायड्रॉलिकवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मधे चकती जात नाही. मध्ये घडी घातलेला पुठ्ठा सरकवून ठेवा. आणि पंक्चरवाला सवयीने सायकल उलटी करून ठेवतो, ती फार वेळ तशी राहिली तर लिव्हरमधल्या तेलाच्या साठ्यातली हवा नळीत शिरून लिव्हर भुसभुशीत लागू शकते. सरळ केल्यावर निघायच्या आधी लिव्हर काही वेळा दाबून पाहा. घट्ट झाली तर ठीक, नाही झाली तर चालवू नका.

छोट्या हत्तीत किंवा ट्रॅव्हल्सच्या टपावर डिस्कची सायकल आडवी टाकू नका. डिस्क डाव्या अंगाला, गिअर उजव्या अंगाला. टेकवायला एकही बाजू मोकळी नाही. उभी बांधा. चकती वाकली आणि खर्र-खर्र घासायला लागली तर स्वच्छ पुसलेल्या पान्याने हलक्या हाताने सरळ करता येते.

घाट उतरताना

आपला प्रदेश सपाट म्हणतात, पण परतवाड्याहून चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, चढून गेलेल्याला उतरावंही लागतं. बुलडाण्याच्या राजूर घाटाचंही तेच. नवखा माणूस पूर्ण उतारभर ब्रेक हलका दाबून ठेवतो. रिम ब्रेकमध्ये त्याने रिम तापते, आत हवेचा दाब वाढतो, ट्यूबचं ठिगळ सुटू शकतं. उन्हाळ्यातल्या दुपारी तर रस्ताच तापलेला असतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, वळण घ्या. मधल्या वेळात रिमला किंवा चकतीला वारा लागतो. कार्बनची रिम असेल आणि ब्रेक रिमचा असेल तर लांब उतारावर जास्तच जपा, तिला उष्णता सोसत नाही आणि तिची रबरंही वेगळीच लागतात. खाली पोचल्यावर डिस्कला बोट लावून "तापली का" बघू नका. तापलेली असते.

धुताना

वॉशिंग सेंटरवाल्याकडे डिस्कची सायकल देऊ नका. तो डिझेल मारतो, जोराच्या फवाऱ्याने हबचं ग्रीस उडवतो आणि शेवटी चकाकी यावी म्हणून सगळीकडे तेलकट स्प्रे फिरवतो. त्यातला एक थेंब पॅडने शोषला की ब्रेक ओरडायला लागतो आणि लागेनासा होतो. असा पॅड बहुतेक वेळा फेकावाच लागतो. चेनला तेल घालतानाही मागच्या चकतीवर फडकं धरा. फवारणीच्या पंपाने सायकल धुणारेही पाहिले आहेत. त्या पंपात औषधाचा तेलकट अंश राहतो, तो ना डिस्कला चांगला ना तुमच्या हातांना. साधी बादली, फडकं आणि थोडा साबण पुरे.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोट, तेल्हारा, दर्यापूरच्या बाजूला, बोअरचं पाणी खारं. त्याने धुऊन सायकल तशीच वाळू दिली तर ब्रेकच्या वायरी आणि बोल्ट गंजतात. शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारा, लगेच कोरडं पुसा आणि वायर जिथे केबलमध्ये शिरते तिथे तेलाचा एकेक थेंब सोडा.